अर्जनवीसांचं बाक

ठाण्याच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली एक अर्जनवीस बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. समोर पत्र्याची पेटी, शेजारी लांब बाक, आणि लिहिणं थांबलं की टाकाचं टोक स्वतःच्याच केसांना पुसायची सवय.

वडील गेल्यावर त्यांचं मृत्युपत्र घेऊन मी तिथं गेलो. ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, म्हणजे प्रोबेट, काढायचा होता. त्यासाठी वकील लागेल का, एवढंच विचारायचं होतं.

त्यांनी कागद उघडलाच नाही. माझ्या मागे पाहिलं.

"बरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही."

टाक केसांना पुसून त्यांनी खाली ठेवला. "मग वकील गाठा. सगळे वारस या बाकावर बसले, तर अर्ज मी लिहितो. माणूस एकटा आला, की पुढं भांडण ठरलेलं."

मला रागच आला. आमच्यात कसलं भांडण! धाकट्या भावाला सांगायचं राहिलं होतं, इतकंच. सोमवारी त्याला कल्याणहून बोलावलं आणि दोघं ऐटीत बाकावर जाऊन बसलो.

अर्जनवीसांनी आमची नावं लिहून घेतली. मग मृत्युपत्र वाचता वाचता टाक पुन्हा केसांना पुसला.

"बहीण आहे ना तुम्हांला?"

खडवलीला दिलेली आमची ताई. घरून निघताना तिचं नाव दोघांपैकी एकाच्याही तोंडी आलं नव्हतं.

अर्जनवीसांनी टाक खाली ठेवला. आमच्याशेजारी बाकावर ऐसपैस ठेवलेली माझी पिशवी त्यांनी उचलली आणि माझ्या मांडीवर दिली.