कासारवाडीचा नंबर

आमच्या कंपनीची तीन ठिकाणं: कासारवाडीचं जुनं वर्कशॉप, चिंचवडचं ऑफिस आणि चाकणचा प्लांट. तिन्हीकडचे कम्प्युटर एका नेटवर्कमध्ये आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा कळलं की तिन्ही ठिकाणी कम्प्युटरचे पत्ते सारखेच आहेत. जो कोणी वायर जोडून गेला होता, त्यानं नेटवर्कच्या खोक्यात कारखान्यातून भरून आलेलाच आकडा ठेवला होता. प्रत्येक सोसायटीत एकशे एक नंबरचा फ्लॅट असतो, त्यानं काही बिघडत नाही. पण सगळ्यांना एकच गेट केलं की कुरिअरवाल्याचं डोकं फिरणार. म्हणून नवी आखणी: प्रत्येक ठिकाणाला एक नंबर, आणि त्याच्या पोटात तिथले सगळे पत्ते. शिवाय पुढे वाढायला जागा. मला हे काम मनापासून आवडतं. कोण किती वाढेल, याचा विचार करत बसायला मिळतं.

नंबर देताना मी फार डोकं चालवलं नाही. खंडेनवमीला आमचे साहेब नारळ आधी कासारवाडीत फोडतात, मग चिंचवडला, शेवटी चाकणला. मीही तोच क्रम धरला आणि कासारवाडीला एक नंबर दिला.

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. "एक नंबर चाकणला द्या."

"आणि कासारवाडीला?"

"त्यांना नको. दिवाळीनंतर बंदच करतोय. कुठं बोलू नका."

माझं टाळकंच सरकलं. तिथलं स्टोअर सांभाळणाऱ्या मावशी काळेवाडीहून यायच्या. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. जेवणाच्या सुट्टीत स्कुटीवरून जाऊन तिला भरवायचं आणि परत यायचं. चाकणला पाठवलं, तर रोजच्या बसच्या प्रवासात हे कसं जमणार होतं? आणि मी इथे वाढीसाठी जागा सोडत बसले होते.

"उद्या मी तिथे जाणार आहे," मी म्हणाले. "मावशी त्यांचा नंबर विचारणारच, आणि मी खोटं बोलणार नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

साहेब भडकले. पण दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आले, हे मानायला हवं.

मावशींनी चहा मागवला आणि मलाच विचारलं, "मॅडम, आमचा नंबर कितवा?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी टेबलाकडे बघत सांगून टाकलं. चाकणला सगळ्यांना काम मिळेल, असंही म्हणाले.

"चाकणला गेले तर सासूला कोण भरवणार, साहेब?" मावशींचा आवाज चढला नव्हता. "शेजारच्या वर्कशॉपवाल्यानं मागच्या महिन्यात कामाला बोलावलं व्हतं मला. हितंच बरं हाय म्हणून न्हाई सांगून आले."

मावशींनी स्टोअरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि तशाच शेजारी गेल्या. चहा आला, तो कुणी घेतला नाही. जागा भरली असेल तर काय, या विचारानं मला बसवेना. मी उगाच वायरी तपासत राहिले.

मावशी परतल्या त्या घाम पुसतच. "माझ्यासाठी दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले."

मला इतकं हायसं वाटलं की मी हसलेच. त्या हसल्या नाहीत.

"मॅडम, शेजारच्या कम्प्युटरला नंबर तुमीच देणार का?"

"नाही, मावशी."

"मग बरं हाय," म्हणाल्या आणि किल्ल्या उचलून कामाला लागल्या.