रेडिओवर वाढवलेली मुलगी

आमच्या थोरल्या मुलीचं, विद्याचं, वय कधीच नक्की ठरलं नाही, कारण ती नव्हतीच.

तिचा जन्म रेडिओवर झाला. ऐंशीनंतरची ती वर्षं. दर गुरुवारी संध्याकाळी फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा. पोस्टकार्डावर गाणं कळवायचं, खाली घरातल्यांची नावं लिहायची आणि निवेदिकेच्या तोंडून ती ऐकायला कान टवकारून बसायचं. पालीचं एक कुटुंब होतं, त्यांची अकरा नावं असायची! पप्पू, बंटी, मोठी बेबी, छोटी बेबी... आणि मग आम्ही: ‘भाट्ये, रत्नागिरीहून श्री. दत्ताराम केळसकर, सुमती आणि नंदा.’ संपलं! बायको चहा घेऊन बाहेर येईपर्यंत आमचं अख्खं कुटुंब वाचून झालेलं असायचं.

मी बर्फाच्या कारखान्यात कारकून. बंदरावर मला सगळे नुसतं ‘बर्फ!’ अशी हाक मारत. (मालाला मारावी तशी.) ‘श्री. दत्ताराम’ म्हणणारी जगात ती निवेदिका एकटीच! मग ते नाव थोडं भरघोस, लेकुरवाळं ऐकू यावं असं वाटलं तर काय चुकलं? पुढल्या कार्डावर मी नंदाच्या आधी एक ‘विद्या’ घातली. आधी घातली म्हणून ती थोरली. लोक रेशनकार्डावर जास्तीची माणसं घालतात आणि साखर उचलतात. मी रेडिओवर घातली, जिथे चिमूटभरही मिळत नाही.

नंदा मात्र खरी होती. चोवीस वर्षांची, बालवाडीत शिकवणारी. तीन ठिकाणची मंडळी तिला बघून, पोहे खाऊन, ‘कळवतो’ म्हणून गेली होती. अजून कळवतायत. तिसऱ्यांनंतर ती घरात बोलेनाशी झाली. तिच्याशी काय बोलावं हे मला सुचत नसे. मग मी रेडिओ लावायचो.

आणि एक दिवस पोस्टमन पत्र घेऊन आला: ‘कु. विद्या केळसकर, भाट्ये.’ खेडच्या कुणा प्रकाशचं. त्याचं सायकलचं दुकान होतं. ‘तुमची आणि माझी आवड दर गुरुवारी जुळते, हा योगायोग नसावा,’ असं लिहिलं होतं. आता, पत्राला उत्तर न देणं आमच्या घराण्यात बसत नाही. विद्याला तर जमण्यासारखं नव्हतं. म्हणून मीच लिहिलं!

अशी सात पत्रं झाली. मी लिहायचो की ओहोटीला भाट्याची पुळण लांबवर उघडी पडते, तिथे चालताना जुनी गाणी आपोआप ओठांवर येतात. की घरात माणसं असूनही गाणं एकटीनेच ऐकावं लागतं. (‘एकट्याने’च्या जागी ‘एकटीने’, एवढीच काय ती लबाडी.) बाकी अक्षर न् अक्षर खरं होतं. आयुष्यात मी कुणाला इतकं खरं सांगितलं नव्हतं.

मग एका रविवारी दारात रिक्षा थांबली. प्रकाश आणि त्याची आई!

“मुलगी बघायला आलोत. न कळवता आलो, राग मानू नका,” आई म्हणाली.

सुमतीने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. नवऱ्याने स्थळ आणलं! लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तसं ती पहिल्यांदाच पाहत होती. पोहे तयार झाले, नंदा साडी नेसून ट्रे घेऊन बाहेर आली.

“छान आहे हो,” प्रकाशची आई म्हणाली, “पण ही धाकटी ना? विद्याला बोलवा.”

“कोण विद्या?” सुमती म्हणाली.

“अगो बाय! पोटची पोर, आणि आयशीला ठाऊक नाही?”

सुमतीला विद्या ठाऊक नव्हती, पण नवरा बुडतोय हे तिला दिसलं. ती चटकन म्हणाली, “मुंबईला असते!” त्याच क्षणी मी म्हणालो, “पालीला असते!”

“पळून गेली म्हणा की सरळ!”

शेवटी मी रेशनकार्ड आणून त्या माउलीच्या हातात दिलं. “मोजा. तीनच माणसं. विद्या नाही. कधीच नव्हती.”

नंदा ट्रे घेऊन तशीच उभी होती. पोर चौथ्यांदा नापसंत होत होती, आणि तीही जगात नसलेल्या मुलीपुढे!

प्रकाशने खिशातून पत्रांचा गठ्ठा काढला. “मग ही कोणी लिहिली?”

नंदाने ट्रे खाली ठेवला, एक पत्र घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं. मग दुसरं.

“हा असा ळ माझ्या शाळेच्या सगळ्या वह्यांवर, आडनावात आहे,” ती म्हणाली. “विद्या ना? ती काय, खुर्चीत बसलीय. चष्मा लावून.”

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले.

“म्हणजे माझा झील सात महिने ह्या मिशीवाल्याला पत्रं लिहीत होता?” त्याच्या आईने कपाळावर हात मारला. सुमतीने तर पदरात तोंड लपवलं. हसत होती की रडत होती, ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही.

नंदा तिसरं पत्र वाचत होती. मान वर न करता ती म्हणाली, “बाबा, हे मला का नाही सांगितलंत? मी आतल्या खोलीतच तर होते.”

मी रेडिओच्या बटणाकडे हात नेला.

पाहुणे पोह्यांना हात न लावता निघून गेले. पंधरा दिवसांनी खेडहून पत्र आलं. मी सवयीने फोडायला घेतलं, तर नंदाने ते हातातून काढून घेतलं. पाकिटावर तिचं नाव होतं. उत्तर तिने स्वतः लिहिलं. काय लिहिलं, मला दाखवलं नाही. (माझ्याइतकं चांगलं नसणार!) पण दर गुरुवारी ती माझ्याशेजारी येऊन बसू लागली, आणि गाण्याच्या मध्येच मला काहीबाही विचारू लागली. गाणी नीट ऐकू येईनात. फार बरं वाटायचं.

वैशाखात लग्न झालं. पंगत बसली, मुलींनी नवरदेवाला अडवलं, “नाव घ्या, मगच घास भरवा!” प्रकाश लाजला, जिलबी हातात धरून त्याने यमक छान जुळवत आणलं, आणि शेवटी, घाबरून, नाव घेतलं ते विद्याचं!

नंदाने कपाळाला हात लावला. आणि पंगतीत मठ्ठा वाढता वाढता मी, देवाशपथ नकळत, मोठ्याने म्हणालो, “ओ!”