मला ऐकू येत होतं

माणूस आयुष्यात एकदाच खरा स्वतंत्र होतो, असं माझं ठाम मत आहे. मी झालो तो एका सोमवारी सकाळी साडेनऊला, नागपूरला बेसातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, दार लोटून, पोहे खाता खाता. त्या स्वातंत्र्याचं पुढे काय केलं, हे मात्र आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

आधी आनंदाचं सांगू द्या. तो खोटा नव्हता. एकवीस वर्षं मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात, डिस्पॅचमध्ये होतो. सकाळी पावणेसातची कंपनीची बस. निरोपाला शाल, श्रीफळ आणि मानपत्र — त्यात माझं आडनाव चुकलेलं, पण ‘आधारस्तंभ’ हा शब्द अचूक होता. आणि मग हे घरबसल्या काम! वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि जसंच्या तसं टाइप करायचं. कुणी कपाशीवर बोलतोय, कुणी व्याह्याच्या नावानं बोटं मोडतोय. मध्येच कुणी खोकला, तर कंसात ‘खोकला’ लिहायचं. पन्नाशीला टेकलेला माणूस सकाळी उठून कामावर बसायची घाई करतो — पाहिलाय कधी? मी करत होतो. आंघोळीच्या आधी.

काम एक वाजता संपायचं. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पाचपर्यंत मी कानांवर तो मोठा हेडफोन ठेवून बसायचो. आत काहीच वाजत नसायचं. मी कादंबऱ्या वाचायचो, खिडकीतून बघायचो, आणि मनातल्या मनात नाचायचो. एकवीस वर्षांनी मला कुणी हाक मारत नव्हतं! यात काय बिघडलं? — काही नाही. इथपर्यंत काही नाही.

आमचे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ते दाराशी येत, मला बघत, परत जात. आलेल्या-गेलेल्याला हळू आवाजात सांगत, “दिलीपचं काम सुरू हाये.” फार अभिमानानं.

मग एका दुपारी ते आत आले. माझ्या पाठीशी उभे राहिले.

“दिलीप, आक्का आता मानसं इसरून राहिली गा. मले ओयखते अजून. तवर एकदा काटोलले नेऊन आन ना.”

आक्का म्हणजे काटोलला राहणारी त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा बाबांना तिनंच वाढवलं.

मी वळलो नाही. मला ऐकू येत होतं — शब्द न् शब्द. इतकं स्वच्छ, की सवयीनं बोटं चालू झाली आणि बाबांचं वाक्य मी समोर टाइप केलं. मध्ये ते खोकले. तेही, कंसात.

बाहेरून बायको म्हणाली, “ढोल वाजवा बाबा, तरी त्याइले ऐकू नाही येत.”

“राहू दे वं. कामात हाये तो.”

ते गेल्यावर मी ते वाक्य पुसलं. का? गाडी खाली उभी होती. वेळ होता, सगळी दुपार होती. पण एकदा उठलो असतो तर मी उठू शकतो हे घरात कळलं असतं. तेवढंच. माझी दुपार मोडू नये म्हणून.

नंतर ते आणखी दोनदा आले. मी आणखी दोनदा बहिरा झालो.

दिवाळीत मी स्वतःहून म्हणालो, चला बाबा, काटोलला जाऊन येऊ. कसे उजळले ते! इस्त्रीचा शर्ट काढला. आक्का अंगणात बसली होती. तिनं बाबांकडे बराच वेळ पाहिलं आणि सुनेला म्हणाली, “पाव्हने आले वं, पानी आन.” मग बाबांना विचारलं, “कोनाकडचे तुमी?”

“नागपूरचा हावो,” बाबा म्हणाले, आणि पाहुण्यासारखे बसून पाणी प्यायले.

परतताना त्यांनी एकच विचारलं. “तुह्या कामाचा खाडा तर नाही झाला ना गा?”

नाही म्हणालो. तेवढं एक खरं बोललो.

बेसाहून काटोलला गाडीनं पावणेदोन तास लागतात. वाटेत चहाला थांबलं, तर दोन.