पाटी नाही, टाळी नाही

कुवेतमध्ये पब नाहीत याचं मनापासून दुःख झालेला माणूस मी एकच पाहिला, आणि त्या माणसाने जन्मात दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही. हे माझे साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, मुक्काम मंगफ, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. कुवेतला येण्याआधी कंपनीने त्यांना तीन वर्षं डब्लिनला ठेवलं होतं. माणसं परदेशातून चॉकलेटं आणतात, अत्तरं आणतात. हे गृहस्थ तिथून तत्त्वं घेऊन आले. तिथल्या पबांमध्ये आयरिश लोक कोपऱ्यातल्या टेबलाभोवती गोल बसून आपलं जुनं पारंपरिक संगीत वाजवतात, त्याला सेशन म्हणतात. साडू पुढ्यात संत्र्याचा रस ठेवून तीन वर्षं ती सेशन्स ऐकत राहिले आणि खरं सेशन कोणतं, खोटं कोणतं, याचे अधिकारी पुरुष होऊन इथे अवतरले. "मी पब मिस करतो," असं ते इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात मोठ्याने म्हणत, तेव्हा शेजारचे दोघेतिघे डोळा मारून "समजलं, समजलं" करत आणि ताईचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, चेहरा पडे.

त्यांचे नियम मला आमच्या बँकेच्या नियमांपेक्षा जास्त पाठ आहेत. ज्या पबाच्या दारात 'आज पारंपरिक संगीत' अशी पाटी दिसेल तिथे पाऊल ठेवायचं नाही; ती पर्यटकांसाठी मांडलेली दुकानदारी. स्टेज असेल तर परत फिरायचं, माइक दिसला तर पळत सुटायचं. वादकांनी एकमेकांकडे तोंड करून बसायचं, श्रोत्यांकडे नव्हे. आणि टाळ्या अजिबात नाहीत. "टाळी म्हणजे बिल चुकतं करणं," असं ते तर्जनी उंचावून म्हणत. "खऱ्या सेशनमध्ये धून संपली की फार तर एखादा म्हातारा घशातल्या घशात 'हं' करतो. त्या 'हं'साठी माणसं आयुष्य काढतात!" खरं म्हणजे ते 'हं' त्यांनाच हवं होतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टिनची एक बारीक आयरिश बासरी कायम असे. पण सेशनमध्ये आगंतुकासारखं घुसायचं नसतं. जाणत्या वादकाने मानेने खुणावलं, की मगच खुर्ची ओढायची. त्या एका खुणेसाठी हा माणूस तीन वर्षं दर मंगळवारी एकाच पबात, एकाच खुर्चीवर बसला. खूण आली नाही. बासरी खिशातून बाहेर काढणं हाही आगाऊपणाच, अशी त्यांची समजूत. मग संत्र्याचा रस पिणाऱ्या या अबोल गृहस्थाच्या खिशात काय आहे, हे त्या बिचाऱ्या आयरिश लोकांना कळावं तरी कसं? साडूंची मुलगी इथे कुवेतमध्येच लहानाची मोठी झालेली. ती खांदे उडवून म्हणे, "बाबा, व्हाय डिडन्ट यू जस्ट आस्क?" यावर साडू दुखावून म्हणत, "मागून मिळतं ते आमंत्रण नव्हे."

त्यांना धून एकच येत होती, एक छोटीशी जिग, म्हणजे नाचाची उडती चाल. बारा वर्षं तीच. ताईने घरात बंदी घातल्यामुळे रियाज गाडीत, काचा वर करून, एसी लावून. एकदा ऑगस्टच्या उन्हात आमचा मिसरी हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, काच ठोठावत ओरडला, "बाशमुहंदिस, सय्यारा खर्बान!" इंजिनिअरसाहेब, गाडी बिघडलीय. साडूंनी बासरी दाखवली, तर त्याने वाकून बॉनेटच तपासलं.

कुवेतमध्ये खरं सेशन सापडेलच या श्रद्धेने त्यांनी मला गाव पालथं घालायला लावलं. शर्कमधल्या एका हॉटेलात 'आयरिश संध्या' होती. हिरवे टेबलक्लॉथ, मोठाल्या मगांत बिनदारूचं माल्ट, म्हणजे दुधाची तहान ताकावर, आणि स्टेजवर हिरवी टोपी घातलेला कीबोर्डवाला. साडूंनी मल्याळी मॅनेजरला बोलावून विचारलं, "ये स्टेज क्यूँ है?" तो नम्रपणे म्हणाला, "सर, स्टेज नहीं होगा तो कस्टमर फोटो किधर निकालेगा?" साडू माल्टला हात न लावता उठले. माझा मग अर्धाच झाला होता.

त्याहून मोठा अनर्थ मंडळाच्या भावगीतांच्या कार्यक्रमात झाला. व्यवस्था साडूंकडे सोपवण्याची दुर्बुद्धी कुणाला झाली देव जाणे. त्यांनी माइक काढून टाकला, निवेदिकेला घरी बसवलं आणि गायकांना हॉलच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून गोल बसवलं. दोनशे माणसं नटूनथटून आली आणि त्यांना गायकांच्या पाठी तेवढ्या दिसल्या. पहिलं गाणं संपल्यावर मी सवयीने टाळीसाठी हात उचलले, तर साडूंनी चक्क माझ्या मनगटावर चापट मारली. मागून एक काकू कडाडल्या, "अहो, आम्ही काय ब्लाउजच्या शिवणी बघायला आलोय का इथे?" त्यानंतर मंडळाने साडूंकडे फक्त पार्किंग दिलं.

आणि मग खऱ्या सेशनचा पत्ता लागला, तोही दस्मानमधल्या एका गल्लीत. तिथे दापोलीकडचे एक चाचा ऊद नावाचं अरबी तंतुवाद्य आणि तबले दुरुस्त करतात. मी मुलाचा तबला घेऊन गेलो होतो, साडू सोबत होते. चाचा सहज म्हणाले, "एक आयरिश बाय येते, शाळेत मास्तरीण हाय. तिच्या फिडलची खुंटी मीच बसवली. दर शुक्रवारी दुपारी चार-पाच जणं तिच्या घरात गोल करून वाजवत बसतात. पाटी नाय, भोंगा नाय, काय नाय."

"पाटी नाही?" साडूंचा आवाज कापरा झाला.

"घरावर पाटी कशाला लावंल? मी सांगतो तिला. तुम्ही वाजवताव ना?"

"ते मात्र सांगू नका," साडू घाईघाईने म्हणाले.

"मग जाताव कशाला?" चाचांनी विचारलं. हा प्रश्न गेली बारा वर्षं कुणीतरी विचारायला हवा होता.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गेलो. दिवाणखान्यात सहा खुर्च्या गोल, त्यातली एक रिकामी, मधल्या स्टुलावर चहाची किटली. मास्तरीणबाई, तिघे तिचे मित्र आणि एक पिकल्या मिशांचे आजोबा. साडूंनी भिंतीपासून छतापर्यंत सगळं तपासलं आणि माझ्या कानाशी लागले, "खरं आहे रे!" दीड तास आम्ही भिंतीला टेकून बसलो. साडूंची बोटं गुडघ्यावर आपोआप नाचत होती. ती बाईला दिसली असावीत. तिने ती रिकामी खुर्ची पायाने पुढे सरकवली, साडूंकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. साडूंनी वळून मागे पाहिलं. मागे फक्त फ्रिज होता.

ते उठले. वाजवायला लागले. पहिल्या फेरीत एक सूर साफ घसरला, घामाने बोटं निसटली. पण दुसऱ्या फेरीला फिडल हलकेच त्यांच्याखाली येऊन चालू लागली, मग बाकीचे आले. गाडीत कोंडलेली ती एकुलती एक धून पाच वाद्यांच्या मध्ये बसून, खुशाल, घरच्यासारखी वाजली. धून संपली. आजोबा घशातल्या घशात म्हणाले, "हं." आणि लगेच दुसरी धून सुरू झाली, जी साडूंना येत नव्हती. बासरी मांडीवर ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात टाळीसाठी निम्मे वर आले होते. मला ती चापट आठवली आणि मी ते मांड्यांखाली दाबून धरले.

परत मंगफला येऊन गाडी लावल्यावर साडू समोर बघत म्हणाले, "अरे, एखादी टाळी वाजवली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"भाऊ, पण तुमचाच नियम..."

"हो, नियम आहेच," ते म्हणाले आणि उतरले.

नंतर उन्हाळ्यात शाळा सुटली, मास्तरीणबाई आपल्या देशी गेली ती परतलीच नाही. साडूंचंही कंपनीतलं काम संपलं आणि त्यांनी पुण्याला कायमचं परतायचं ठरवलं. विमानतळावर ताई रडली, माझी बायको रडली. साडू पासपोर्ट दाखवून आत निघाले. पाठमोरे, खांदे जरा झुकलेले, खिशात पेनाशेजारी बासरी असणारच. मला एकदम राहवलं नाही. एवढ्या गर्दीत मी उभ्या उभ्या टाळ्या वाजवायला लागलो. लोक वळून बघायला लागले, बायकोने माझी बाही ओढली. साडू थांबले, मागे फिरले आणि सवयीने तर्जनी उंचावून मला दटावलं. पण बोट तसंच वर धरून ते तिथेच उभे राहिले. मागची रांग खोळंबली, तरी हलले नाहीत. मीही थांबलो नाही.