आगाऊ पैसे, आगाऊ सून आणि गोव्याची बोट

बोटीची तिकिटं काढायला आम्हाला दहा मिनिटं लागली. बोटीवर खर्चायचे पैसे आधीच भरून ठेवले ते बरोबर की चूक हे ठरवायला मात्र आठ दिवस गेले, आणि त्या आठ दिवसांत आमच्या घरात दोनदा माणसं भरल्या पानावरून उठली. दोन्ही वेळा ती माणसं म्हणजे माझे सासरे होते.

आधी आमची ओळख. रत्नागिरीहून पावसच्या रस्त्याला आमची हापूसची बाग आहे, दीडशे कलमांची. बाग बघतात सासरे, म्हणजे अप्पा, आणि त्यांच्या मागे मागे मी. नवरा मिलिंद मुंबईत नोकरीला, पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो. अप्पा आणि आईंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मिलिंदने आम्हा चौघांची मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ ठरवली. दोन रात्री, दोन खोल्या, जेवणखाण धरून माणशी बावीस हजार. समुद्र दिसणारी खोली हवी असेल तर आणखी सहा हजार. अप्पा म्हणाले, समुद्र मी घरी फुकट बघतो.

तिकिटापाठोपाठ कंपनीचा मेसेज आला. आत्ता दहा हजार भरा, बोटीवर बारा हजारांचा खर्च करा. बोटीवर रोख चालत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर. मी कोकम सरबताच्या बाटल्या विकून साठवलेले दहा हजार काढले आणि भरून टाकले. दोन हजार वर मिळतायत, सोडायचे कशाला?

"उरले तर परत देतात का?" मिलिंदने फोनवर विचारलं.

"देत असतील की. विसारच तो," मी म्हटलं.

हा विसार काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. जानेवारीत कलमं मोहोरली की व्यापारी येतो, मोहोर बघून बागेची किंमत ठरवतो आणि काही रक्कम आधी देतो. तो विसार. पुढे थंडीने म्हणा, अवकाळीने म्हणा, मोहोर गळला तर तोटा व्यापाऱ्याचा, असं बोली करताना ठरतं. पण आमचे अप्पा पडले भिडस्त. गेल्या साली मोहोर गळला, शेठ पडवीत येऊन नुसता सुस्कारा टाकून बसला आणि अप्पांनी अर्धा विसार परत दिला. त्याच्या आदल्या सालीही दिला होता. गेल्या साली मी तोंड उघडलं. म्हटलं, अप्पा, पुढच्या सालापासून शेठशी मी बोलते.

अप्पा म्हणाले, "आगाऊ आहेस. एकदा आपले पैसे आगाऊ देऊन बघ, म्हणजे देणाऱ्याच्या पोटात काय कालवतं ते कळेल. मग बोल शेठशी."

तर मी दहा हजार आगाऊ भरल्याचं कळल्यावर अप्पा पहिल्यांदा पानावरून उठले. "अगो, न प्यायलेल्या चहाचे पैसे कोण भरतं?" त्याला क्रेडिट म्हणतात हे मिलिंदने सांगितल्यावर दुसऱ्यांदा उठले, कारण क्रेडिट म्हणजे उधारी आणि आमच्या घरात उधारी नाही. पैसे आपणच आधी भरायचे आणि त्याला उधारी म्हणायचं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मलाही नीट समजावता आलं नाही. जाता जाता ते म्हणाले, "बारा हजार नीट वसूल करून दाखव. तर यंदा शेठसमोर तू बस."

मी म्हटलं, ठरलं.

प्रवासाचा पहिला विनोद म्हणजे दिशा. गोवा आमच्या घरापासून दक्षिणेला, गाडीने पाच-सहा तास. आम्ही निघालो उत्तरेला. पहाटे रिक्षाने स्टेशन (साडेतीनशे रुपये, घासाघीस करून), मग सात तास रेल्वे, रात्री मिलिंदच्या डोंबिवलीच्या खोलीवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी टॅक्सीने बंदर. तिथून बोट रात्री आमच्याच किनाऱ्यावरून दक्षिणेला जाणार. "मग रत्नागिरीला थांबवायला सांग, मी उतरतो," अप्पा म्हणाले. लहानपणी ते मुंबईची बोट भगवती बंदरात धरायचे, होडीतून बोटीवर चढायचे, त्यामुळे ही सूचना त्यांनी अगदी मनापासून केली होती.

जाणाऱ्यांसाठी सांगते, आधार कार्ड मूळ न्या, झेरॉक्स चालत नाही. घरचं खाणंही चालत नाही. आईंच्या खोबऱ्याच्या वड्यांचा डबा तपासणीवर ठेवून घेतला. तिथल्या बाईला आई म्हणाल्या, "टाकू नकोस हो, वाटून खा. दूध घातलंय, दोन दिवसांत संपवा." परत आल्यावर डबा घासून मिळाला आणि वड्यांची कृतीही विचारली गेली.

बोट म्हणजे अकरा मजली इमारत. लिफ्ट, पोहायचा तलाव, नाचगाण्याचं थिएटर. आत पाऊल टाकल्यापासून खाणं सुरू होतं आणि ते सगळं तिकिटात आलेलं. पोहे, इडली, पाव, केक, चार भाज्या, सहा गोडं. चहा फुकट, कॉफी फुकट, पाणी फुकट. अप्पा खूश. मी मात्र तिसऱ्या डिशला सावध झाले. सगळंच फुकट असेल तर माझे बारा हजार खर्चायचे कशावर?

खर्चाच्या वस्तू होत्या, पण त्या शोधायला लागायच्या आणि सापडल्या की अप्पा आडवे यायचे. डेकवर कोकम सरबत मिळत होतं. काचेच्या ग्लासात, वर कागदी छत्री, दोनशे ऐंशी रुपये. मी हौसेने मागवलं. अप्पांनी एक घोट घेतला. "साखरपाणी आहे. तू घरी याची बाटली दीडशेला देतेस. कोण कोणाला लुटतंय ते ठरव आधी." पलीकडच्या खुर्चीवरच्या बाई हसल्या आणि त्यांनी मागवलेलं सरबत रद्द केलं.

शेजारी शहाळं होतं, तीनशे साठ. अप्पा त्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. घरी आमचे माड पन्नासच्या वर असतील. "शिंचं, मी उगीच कलमं लावली," एवढंच म्हणाले.

आणखी एक मेख संध्याकाळी कळली. पैसे माझ्या खोलीच्या कार्डावर भरलेले, त्यामुळे अप्पा-आईंच्या कार्डावर शून्य. त्यांना काही हवं असेल तर मी सोबत हवी. मग आई कुठेही निघाल्या की आधी माझं दार वाजवायच्या. "वृंदा, येतेस? मी नुसती बघणार आहे, पण असावीस." मिलिंदने ऑफिसच्या कामासाठी इंटरनेट घेतलं, चौदाशे. आम्ही दोघांनी दुकानातली मोठी कॉफी प्यायली, पाचशे साठ. संपलं. रात्री बोट रत्नागिरीवरून गेली तेव्हा आम्ही चौघंही घोरत होतो.

दुसऱ्या दिवशी गोवा. सकाळी दहाला उतरलो, चारला परत बोटीवर. बंदराबाहेर टॅक्सीवाला अडीच हजारांत देवळं आणि एक किनारा दाखवतो, पण तिथे बोटीचं कार्ड चालत नाही, खिशातून द्यावे लागतात. मंगेशीला अप्पांनी दोन मिनिटं हात जोडले आणि बाहेर येऊन विचारलं, "किती उरले?"

"नऊ हजार सातशे साठ," मी म्हटलं.

"आज रात्री दहाला खातं बंद, असं खोलीतल्या कागदावर आहे."

"मग उरलेले परत घेऊ," मी म्हटलं. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला तीळभर शंका नव्हती. ज्या घरात मोहोर गळला तरी विसार परत जातो, त्या घरात सून म्हणून वीस वर्षं काढल्यावर न वापरलेले पैसे कोणी ठेवून घेईल असं मनातसुद्धा येत नाही.

पाच वाजता मदतीच्या काउंटरवर गेले. मागोमाग अप्पा. काउंटरवर निळ्या कोटातली, चापूनचोपून अंबाडा घातलेली मुलगी होती. तिने संगणकात बघितलं आणि गोड हसून इंग्रजीत सांगितलं की ही रक्कम नॉन-रिफंडेबल आहे.

माझ्या पोटात जे कालवलं ते अप्पांनी सांगितलं होतं अगदी तसंच. जवळजवळ पासष्ट बाटल्या सरबत डोळ्यांसमोर आलं. अप्पा आता काय म्हणतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. आता शेठसमोर बसायचं राहिलं, हे मनात पक्कं झालं होतं.

 पण अप्पा मला बाजूला सारून पुढे झाले आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवले.

"अगो बाळ, म्हणजे काय ते मराठीत सांग."

 मुलीचा सूरच बदलला. "आजोबा, तुम्ही रत्नागिरीचे काय हो? मी लांज्याची."

"मग तर झालंच! हे बघ, आम्ही खाल्लं नाही, प्यायलं नाही. सुनेने कष्टाचे पैसे भरलेत. विसार आहे तो. परत करायची रीत आहे."

"परत नाही मिळत, आजोबा. भरतानाच तसं लिहिलेलं असतं, खाली बारीक अक्षरांत."

"लिहिलेलं असू दे गो. बोलीत आमच्याही तसंच असतं. पण समोरचा अडला तर माणूस देतो की नाही? मी देतो. दर साली देतो."

मुलीने इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "माझे बाबाही देतात. काजूचा व्यवहार आहे आमचा. विसार घ्यायचे आणि कोणी रडत आलं की परत द्यायचे. म्हणून तर मी आठ-आठ महिने इथे बोटीवर आहे."

अप्पांनी हात काउंटरवरून काढले.  मला वाईट वाटत होतं. स्वतःचं आणि त्याहून जास्त त्यांचं. लिफ्टमध्ये शिरल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं.

"पाच तास आहेत. चल, वसूल करू."

त्यानंतरचे पाच तास आमच्या घराण्यात कोणी केली नसेल एवढी उधळपट्टी आम्ही केली. पहिला बळी आई. पायाचा मसाज, चोवीसशे. "मला काय झालंय?" म्हणत आत गेलेल्या आई पाऊण तासाने बाहेर आल्या आणि सांगितलं की पन्नास वर्षांत हे पाय कोणी हातात घेतले नव्हते. अप्पांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि स्वतः आत गेले, आणखी चोवीसशे. आतून थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं. तेवढे पैसे झोपेत गेले म्हणून नंतर हळहळले.

मग पैसे देऊन जेवायच्या हॉटेलात चौघं बसलो, अठ्ठावीसशे. पास्ता आला. "नळ्या बऱ्या शिजल्यात, फोडणी राहिली," आईंचं मत. जिन्यावर फोटो काढणारा होता, फ्रेमसकट चौदाशे. एरवी फोटोत दगडासारखे उभे राहणारे अप्पा चक्क आईंच्या खांद्यावर हात ठेवून हसले, कारण मी "अप्पा, चौदाशे आहेत" असं कानात सांगितलं होतं.

साडेनऊला सातशे साठ उरले. अप्पा तडक डेकवर शहाळ्याच्या पाटीपाशी गेले. दोन घेतली, एक आपल्याला, एक आईंना. "जून आहे," पहिल्या घोटाला म्हणाले, आणि तळाचं खोबरं चमच्याने खरवडून खाल्लं.

उरले चाळीस रुपये. चाळीस रुपयांत त्या बोटीवर काहीही मिळत नाही, मी पाचही दुकानांत विचारून आले. ते चाळीस अजून बोटीवरच आहेत. अप्पा मधूनच त्यांची आठवण काढतात.

तर जाणाऱ्यांनो, पैसे आधी भरायचे का? खुशाल भरा, दोन हजार वर मिळतात ते खरेच. पण बोटीवर काय काय तिकिटात येतं हे आधी बघा आणि मगच रक्कम ठरवा. पैसे दोन्ही खोल्यांच्या कार्डावर वाटून मागा. सेवाशुल्क यातून वळतं होत नाही, ते माणशी वेगळं लागलं. आणि बारीक अक्षरं वाचा. मी वाचली नव्हती. आम्ही पुन्हा गेलो तर चारच हजार भरू, आणि पहिल्या दिवशीच आईंचे पाय.

जानेवारीत कलमं मोहोरली. शेठ आला, बाग फिरला, पडवीत बसला. मी चहा घेऊन गेले आणि रिकामा ट्रे घेऊन परत वळले. अट मी पुरी केली की नाही हे मला कळलं नव्हतं, आणि विचारायचा धीर नव्हता.

"तू कुठे निघालीस?" अप्पा झोपाळ्यावरून म्हणाले. "बस."

मी बसले. बोली झाली. किंमत मी सांगितली, शेठने पाडली, मी थोडी चढवली. मग त्याने पाकीट काढून सवयीने अप्पांसमोर ठेवलं आणि नेहमीचा सुस्कारा टाकला. "आणि मोहोर गळला तर काय ते बघूच की, अप्पा."

"नॉन-रिफंडेबल," अप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे परत नाही." त्यांनी पाकीट एका बोटाने माझ्याकडे सरकवलं. "आणि हे तिच्याकडे दे. आगाऊ रक्कम आगाऊ माणसाकडेच बरी."