झिजलेला कोपरा

मार्थाबाईंच्या स्वयंपाकघरातलं टेबल बारा माणसांचं आहे, पण त्यावरचं मेणकापड एकाच कोपऱ्यात झिजलंय. तिथे त्या एकट्या जेवतात. मुलीकडे आयोवात आल्यापासून दुपारी मला बोलायला कुणी नसतं, म्हणून शेजारच्या या नव्वदी केव्हाच ओलांडलेल्या बाईंकडे मी जाऊन बसते. काल त्या कोपऱ्यावर माझी नजर अडकलेली त्यांनी पाहिली आणि त्या सांगू लागल्या.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्या लहान होत्या. सुगीत मळणीचं यंत्र एकेका शेतावर जायचं आणि त्याच्यामागे सगळे शेजारी. ज्याची मळणी, त्याच्या घरी जेवण.

"आमच्या गावी याला इर्जिक म्हणायचे," मी म्हटलं. 'म्हणतात' असं तोंडात आलंच नाही.

मग त्यांच्या वडिलांनी कापणी आणि मळणी एकदम करणारं नवं यंत्र आणलं. दोघांत शेत उरकलं.

"आई फार खूश झाली. वीस जणांचा स्वयंपाक सुटला ना! तरी त्या सकाळी सवयीनं तिनं घमेलंभर बटाटे सोलले. मग त्यांच्याकडे बघत बसली."

यंत्राला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. चुलीपुढे उभं राहणाऱ्या बाईला आधी विचारावं. पण ते बटाटे काही डोळ्यांपुढून हलेनात.

निघताना त्या म्हणाल्या, "उद्या ये. वाटाणे सोलायचेत."

टोपलीत शेंगा जेमतेम दोन मुठी होत्या.

"सकाळीच येते," मी म्हटलं, "म्हणजे जेवणापर्यंत उरकेल."