अठ्ठेचाळीस तासांचा आकडा

सोमवारी संध्याकाळी लॅबचा मेसेज आला तेव्हा मी नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. ओले हात सदऱ्याला पुसले आणि रिपोर्ट उघडला. बीटा एचसीजी, २१२. बायको आत कणीक मळत होती. तिला आकडा सांगितला.

"चांगला की वाईट?" तिनं मान वर न करता विचारलं.

"एकटा आकडा काही सांगत नाही. बुधवारी दुसरा येईल तेव्हा कळेल."

तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि ती अडतीसची. दिवस राहण्याची आमची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी, त्याच्या दोन वर्षं आधी, घरच्या किटवर दोन गुलाबी रेघा उमटल्या आणि दुपारपर्यंत आम्ही सगळ्यांना फोन करून मोकळे झालो. किट फक्त आहे की नाही एवढंच सांगतं. किती आहे ते रक्तातून कळतं. त्या वेळी रक्तातले आकडे आले ते ९०, मग १०४, मग ६१. पुढचा महिनाभर ज्यांना ज्यांना फोन केले होते त्यांना एकेकाला परत फोन करून, टिकलं नाही, असं सांगावं लागलं. म्हणून या वेळी कोणालाच सांगायचं नाही असं ठरलं होतं.

डॉक्टरबाईंनी समजावलं होतं, की गर्भ रुजला की हे संप्रेरक रक्तात उतरायला लागतं. एकाच दिवशी एकीला शंभर असेल, दुसरीला चारशे, आणि दोघींचंही ठीक असेल. तेव्हा आकडा किती मोठा ते बघायचं नाही, तो चढतोय किती ते बघायचं. सुरुवातीच्या दिवसांत अठ्ठेचाळीस तासांत निदान दीडपट तरी व्हायला हवा. बऱ्याच जणींचा जवळजवळ दुप्पट होतो. मला हे लगेच पटलं. तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात मी वीस वर्षं नमुने तपासतोय, एका आकड्यावर मीही कधी विश्वास ठेवत नाही.

पण कारखान्यात नमुना परत लावता येतो. इथे अठ्ठेचाळीस तास नुसते काढायचे होते. बायको बाथरूममध्ये गेली की रक्त दिसेल या धास्तीनं मी हातातलं काम थांबवायचो. कडी नेहमीसारखी खट्‌कन निघाली की ठीक. आत थोडा जास्त वेळ गेला की मी दारापाशी जाऊन उभा राहायचो. तिला हे ठाऊक होतं. बाहेर येताना ती माझ्याकडे न बघता म्हणायची, "काही नाही." दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघं एकमेकांवर पहारा ठेवून होतो, आणि बोलायला तिसरं माणूस नव्हतं.

त्यात गुरुवारी तिच्या धाकट्या भावाची हळद. तिचं माहेर शिरढोणच्या पलीकडे, गोवा रस्त्याला लागून. तिकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि ही नवऱ्या मुलाची थोरली बहीण, म्हणजे करवली. उखळात पहिली हळद तिनं कुटायची, कळशी तिनं घ्यायची, बेंजो वाजायला लागला की पहिली तिनं नाचायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की नाचल्यानं काही बिघडत नाही, पण मागच्या वेळेनंतर बायकोचा कशावर भरवसा राहिला नव्हता. आणि करवली बसून राहिली तर साऱ्या गावातल्या बायकांना दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणून आम्ही औषधाच्या दुकानातून कंबरेचा पट्टा आणला. तिनं आईला फोन करून सांगितलं, "आई, माझी कंबर धरलीय." पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "ऐन हळदीलाच बरी धरली! जावयांना सांग, जरा भांडी घासा म्हनावं."

बुधवारी सकाळी लॅबमध्ये गेलो तर मशीन सर्व्हिसिंगला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, उद्या या ना." उद्या म्हणजे बहात्तर तास. डॉक्टरबाईंनी अठ्ठेचाळीस सांगितले होते, आणि वेळेच्या बाबतीत मी कडक आहे. आम्ही स्टेशनच्या बाजूच्या दुसऱ्या लॅबमध्ये गेलो आणि बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी रक्त दिलं. मला त्या अचूकपणाचं समाधानही वाटलं होतं.

संध्याकाळी आकडा आला. २६४.

मी डायरीत भागाकार केला. वाढ साडेचोवीस टक्के. हवी होती निदान पन्नास. खाली लिहिलं, 'अपुरी'. बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिनं वाचलं.

"म्हणजे?"

दवाखान्यात फोन केला होता. मॅडम बाहेरगावी आहेत, शुक्रवारी दोन्ही रिपोर्ट घेऊन या, असं उत्तर मिळालं होतं. मी तेवढंच सांगून गप्प राहायला हवं होतं. पण आकडा समोर असताना मला गुळमुळीत बोलता येत नाही.

"म्हणजे मागच्यासारखंच दिसतंय," मी म्हटलं.

ती रडली नाही. "बरं," म्हणाली आणि जाऊन कुकर लावला.

गुरुवारी मला कारखान्यात पहिली पाळी होती. निघताना बघितलं, ती माहेरी न्यायची बॅग भरून तयार होती, आणि पट्टा दाराच्या मागच्या खुंटीवर लटकत होता. मी पट्ट्याकडे बघितलं, तिनं मला बघताना बघितलं. थोड्या वेळानं तिचा चुलतभाऊ गाडी घेऊन येणार होता.

दुपारी आमच्या कारखान्याच्या लॅबमधल्या केमिस्ट मॅडम एका मालाच्या घट्टपणाचा आलेख घेऊन सहीला आल्या. तीन दिवस बरोबर असलेली रेघ चौथ्या दिवशी एकदम खाली आलेली.

"सर, बॅच बिघडतेय बहुतेक."

"आजचं रीडिंग कशावर घेतलं?"

"दुसऱ्या मशीनवर. आपलं कॅलिब्रेशनला गेलंय ना."

"मग ही रेघ खोडा, मॅडम. दोन मशीनचे आकडे एका रेघेत जोडायचे नसतात."

"पण सर, दोन्ही मशीन बरोबर आहेत."

"असतील. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून एकाच्या आकड्यातून दुसऱ्याचा आकडा..."

पुढचं 'वजा करायचा नाही' माझ्या तोंडातून निघालंच नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, पाणी देऊ का?"

मी बाहेर जाऊन मोबाइलवर दोन्ही रिपोर्ट उघडले. आकड्याच्या खाली, बारीक अक्षरांत, तपासणीची पद्धत लिहिलेली होती. दोन लॅब, दोन पद्धती. दुसऱ्या रिपोर्टच्या तळाला स्वच्छ लिहिलं होतं, की वेगवेगळ्या पद्धतींनी आलेले आकडे एकमेकांशी ताडून बघू नयेत. ज्यांनी अशी ओळ वाचली नाही त्यांना मी वीस वर्षं मेमो देत आलोय.

म्हणजे गर्भ ठीक होता असं नाही. ठीक नाही असं म्हणायला माझ्याकडे काहीही नव्हतं, एवढंच. आणि मी ते म्हणून बसलो होतो.

बायकोला सहा वेळा फोन केला. उचलला नाही. हळदीच्या घरात फोन कोण ऐकतो. साहेबांना सांगून निघालो. कळंबोलीच्या सर्कलला ट्रेलरांची रांग लागली होती. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, डाव्या बाजूला लोखंडाच्या सळ्या भरलेला ट्रक. पाऊण तासात गाडी किती सरकली असेल, तर दोनशे मीटर. मी काच बंद करून बसलो होतो आणि डोळ्यासमोर तो पट्टा खुंटीवर हलत होता.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मांडवात बेंजो, पिवळ्या साड्यांचं रिंगण, मध्ये माझी बायको. हात कोपरापर्यंत हळदीनं भरलेले, केस सुटलेले. असं नाचताना मी तिला आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होतो. रिंगणात पुरुषानं शिरायची रीत नाही. मी कडेला उभा राहिलो, तर चुलतसासऱ्यांनी दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि हातात सरबत दिलं. उठलो, तर दुसऱ्या कोणी बसवलं.

सासूबाई आल्या. "बगा, जावयबापू! कंबर कशी बरी झाली पोरीची! दुपारपासून नाचतेय, हळद बी तिनंच कुटली. तुमी उगाच पट्टा बांदून ठेवला तिला."

"मला तिच्याशी जरा बोलायचंय."

"आता? नवी नवरी हाय का ती?" आजूबाजूच्या बायका हसल्या. "बसा, जेवा आधी. आमी खात नाय तिला."

शेवटी वादक पाणी प्यायला थांबले तेव्हा ती रिंगणातून बाहेर आली. मी तिला घरामागच्या पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि एका दमात सांगून टाकलं. मशीन वेगळं होतं, हिशेब चुकला, वाढ कमी आहे असं म्हणताच येत नाही, माझी चूक झाली.

ती धापा टाकत होती.

"म्हणजे आहे?"

"माहीत नाही. उद्या पहिल्या लॅबमध्ये परत रक्त देऊ."

"म्हणजे परत वाट बघायची." तिनं टाकीला पाठ टेकली. "काल रात्रभर मी मनाशी संपवलं सगळं. म्हटलं, गेलं. आज सकाळपासून मला कसली भीती नव्हती. बाथरूमला जाताना नव्हती. तुम्ही आलात आणि परत आत कोंडलंत मला."

डोळे भरून आले ते तिला दिसू नयेत म्हणून मी नळाखाली तोंड धुतलं. आत बेंजो पुन्हा सुरू झाला आणि कोणीतरी करवलीला हाका मारायला लागलं. ती गेली. पुन्हा नाचली, पण आता एक हात पोटाशी धरून, जपून. ते मला खुर्चीतून दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी रक्त दिलं आणि मगच ती भावाच्या लग्नाला उभी राहिली. संध्याकाळी पहिल्या लॅबचा आकडा आला. ६९०. सोमवारपासून चार दिवसांत सव्वातीनपट. डॉक्टरबाईंनी तिन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले आणि मधला बाजूला सारला.

"तुम्ही काय काम करता?" त्यांनी मला विचारलं.

"क्वालिटी कंट्रोल."

"मग मी तुम्हाला काय सांगू?" मग त्या बायकोकडे वळल्या. "चढ चांगला आहे. नाचलात त्याचं मनात ठेवू नका. पण गर्भ जागेवर आहे का, ठोके आहेत का, हे आकडा सांगणार नाही. सतरा दिवसांनी सोनोग्राफी करू. तोवर रक्त तपासायचं नाही." आणि माझ्याकडे बघून, "घरी गणितंही करायची नाहीत."

ते सतरा दिवस त्या अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जड गेले, कारण हातात काहीच नव्हतं. बाथरूमची कडी वाजायची, मी थांबायचो, आणि ती आता "काही नाही" म्हणत नव्हती. सरळ पुढे निघून जायची. डायरी तिनं कुठेतरी ठेवून दिली होती. मी विचारली नाही.

सोनोग्राफीच्या खोलीत नवऱ्याला आत घेत नव्हते. मी बाहेर बाकावर बसलो. समोर बंद दार, वर लाल दिवा. घड्याळात वीस मिनिटं झाली. ती बाहेर आली तेव्हा फाइल छातीशी धरलेली होती.

"दिसलं?"

"दिसलं. ठोके पण ऐकवले."

"किती?"

तिनं फाइल आणखी घट्ट धरली. म्हणाली, "मोजले नाहीत मी. ऐकले."

गाडीत बसल्यावर तिनं आईला फोन लावला. "आई, माझी कंबर परत धरलीय." सासूबाईंचा आवाज मला इकडे ऐकू आला. "मला ठावं हाय. जावय टाकीमागं तोंड धूत बसलं हुतं, तवाच कळला."

बायको हसली. फाइल तिच्या मांडीवर होती, आणि त्या फाइलीत ठोक्यांचा आकडा छापलेला असणार हे मला माहीत होतं. मी हात पुढे केला नाही. ती फाइल आज आमच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, मुलीच्या लसीच्या कार्डाखाली. मी अजून उघडलेली नाही.